फोन लागतो, पण आवाज येत नाही

कंपनीने अपडेट देणं थांबवलेल्या फोनवर पर्यायी सॉफ्टवेअर चढवलं की पहिला दिवस मोठा आनंदाचा असतो. फोन चपळ होतो, नको असलेली ॲप्स गेलेली असतात, गाणी वाजतात, व्हिडिओ चालतात, कॅमेरा उघडतो. मग पहिला फोन येतो. उचलावा तर पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करत राहतो; आपण बोलतोय ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. कधी याच्या उलट होतं: त्याला आपलं सगळं ऐकू जातं आणि आपल्या कानाशी मात्र शुकशुकाट. कधी आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो, तर कधी स्पीकरवर छान ऐकू येतं आणि कानाला लावलं की काहीच नाही.

लिनिएजओएस, ई-ओएस, उबुंटू टच, पोस्टमार्केटओएस अशा प्रणाली वापरणाऱ्यांना ही तक्रार परिचयाची आहे. अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. रॉम, म्हणजे हे पर्यायी सॉफ्टवेअर, पुन्हा फ्लॅश करतात (नव्याने चढवतात), नाहीतर हात टेकून मूळ सॉफ्टवेअरवर परत जातात. दोन्हींच्या आधी थोडा वेळ काढून नीट तपासणी करण्यासारखी आहे. कारण हा दोष दिसतो तितका गूढ नसतो. फोनमध्ये बोलण्याचा आवाज कोणत्या वाटेने जातो हे एकदा कळलं, की ती वाट कुठे तुटली आहे हे घरबसल्या शोधता येतं.

गाण्याची वाट वेगळी, बोलण्याची वेगळी

आपण गाणं लावतो तेव्हा ॲप ती फाइल उलगडतं, अँड्रॉइडची ध्वनिव्यवस्था तिच्यावर आवाजाची पातळी वगैरे संस्कार करते आणि मग तो प्रवाह ध्वनिचिपकडे, तिथून स्पीकरकडे जातो. म्हणजे गाण्याचा प्रत्येक कण अँड्रॉइडच्या हातून जातो. व्हॉट्सॲपवरचा कॉलही साधारण याच वाटेने जातो. माइकमधला आवाज ॲपपर्यंत येतो, ॲप तो इंटरनेटवरून पाठवतं.

सिमकार्डावरून केलेला साधा कॉल असा जात नाही. आजच्या बहुतेक फोनांत नेटवर्कशी बोलणारा मोडेम हा जवळजवळ स्वतंत्र संगणकच असतो; त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर असतं. क्वालकॉमच्या चिपमध्ये त्याच्या जोडीला आवाजासाठी वेगळा संकेत-प्रक्रियक असतो, ज्याला डीएसपी म्हणतात. कॉल सुरू असताना आवाज मोडेम आणि डीएसपी यांच्यात परस्पर ये-जा करतो. अँड्रॉइड ज्या मुख्य प्रोसेसरवर चालतं, त्याच्याकडे तो फिरकतही नाही. अँड्रॉइडचं काम रेल्वेचे सांधे बदलणाऱ्यासारखं आहे: कोणता माइक, कोणता स्पीकर, कोणतं सिम हे ठरवून मार्ग लावून द्यायचा, गाडी त्याच्याकडे न थांबता निघून जाते.

पर्यायी सॉफ्टवेअरमधले बहुतेक घोटाळे इथेच होतात. अँड्रॉइडचा गाभा मुक्तस्रोत आहे, तो कुणालाही घेऊन बदलता येतो. पण मोडेम, डीएसपी आणि ध्वनिचिप यांच्याशी बोलणारे कित्येक भाग कंपन्यांनी बंदिस्त ठेवलेले असतात. रॉम बनवणारे ते भाग मूळ सॉफ्टवेअरमधून जसेच्या तसे उचलतात आणि नव्या अँड्रॉइडशी जुळवतात. २०१७ साली अँड्रॉइड ८ बरोबर आलेल्या प्रोजेक्ट ट्रेबलने हे दोन थर अधिकृतपणे वेगळे केले आणि हे काम सोपं झालं. तरीही मार्ग कसा लावायचा याचा तपशील मॉडेलगणिक बदलतोच. क्वालकॉमच्या फोनांत तो 'मिक्सर पाथ्स' नावाच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेला असतो. त्या फाइलमधली एक ओळ चुकली तर गाणी सुरेख वाजतात आणि फोनवर शब्द फुटत नाही.

लक्षण आधी नीट ओळखा

"आवाज येत नाही" एवढ्यावर निदान होत नाही. कोणाला, कोणाचा, कशावर आणि कधी येत नाही हे आधी लिहून काढावं.

पहिली तपासणी अगदी साधी. नव्या काचेचा स्क्रीन गार्ड कानाजवळच्या स्पीकरवर आलाय का? खालच्या माइकच्या छिद्रात धूळ बसलीय का? कव्हर माइक झाकतंय का? मूळ सॉफ्टवेअरवर असतानाही आवाज बारीकच होता का? हार्डवेअरचा दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसण्यात दिवस जातो.

दुसरी तपासणी रेकॉर्डरची. फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये बोलून ऐकून बघा. आवाज नीट नोंदला गेला, तर मुख्य माइक आणि ध्वनिचिप शाबूत आहेत.

तिसरी व्हॉट्सॲप किंवा सिग्नलवरच्या कॉलची. तो कानाला लावूनही चांगला चालला आणि सिमवरचा कॉल मात्र मुका राहिला, तर दोष मोडेम आणि डीएसपी यांच्यामधल्या मार्गात आहे, हे जवळजवळ नक्की. दोन्ही बिघडले असतील, तर माइक किंवा स्पीकर निवडण्याच्या पायरीवरच गडबड आहे.

चौथी तपासणी चालू कॉलमध्येच करायची. आधी कानाला लावून, मग स्पीकरवर, मग तारेचा इअरफोन लावून, शेवटी ब्लूटूथवर. प्रत्येकाचा मार्ग वेगळा लिहिलेला असतो, त्यामुळे एक चालतो आणि दुसरा नाही, हीच मोठी खूण असते. स्पीकरवर गेल्यावर आवाज येतो आणि पुन्हा कानाला लावल्यावरही टिकतो, असं झालं तर मार्ग लिहिलेला आहे. फक्त कॉल सुरू होतानाच्या क्षणी तो लागत नाहीये.

पाचवी तपासणी दुसऱ्या सिमची. क्वालकॉमच्या नव्या चिपवर दोन सिमांसाठी दोन स्वतंत्र आवाज-मार्ग असतात. पहिल्या खाचेतल्या सिमवर सगळं व्यवस्थित आणि दुसऱ्यावर निव्वळ शांतता, हे त्यामुळेच घडू शकतं. सिमकार्डांची अदलाबदल करून बघितली की दोष सिमचा की खाचेचा, हे लगेच कळतं.

प्रतिध्वनीच्या बाबतीत मात्र अनेकांची गल्लत होते. आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येत असेल, तर दोष सहसा पलीकडच्या फोनमध्ये असतो: त्याच्या स्पीकरमधून निघालेला आपला आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरून परत येतो. समोरचा "मला माझाच आवाज येतोय" म्हणाला, तर आपला फोन तपासायचा. अशा वेळी आपल्या फोनचा आवाज दोन-तीन पायऱ्या कमी करावा. प्रतिध्वनी कमी झाला, तर तो पुसून टाकणारी डीएसपीतली यंत्रणा नीट काम करत नाहीये. ही यंत्रणा त्या त्या मॉडेलच्या स्पीकर-माइकच्या मोजमापांवर चालते. ती मोजमापं वेगळ्या फाइलींत साठवलेली असतात आणि रॉममध्ये दुसऱ्याच मॉडेलच्या फाइली आल्या, तर आवाज येतो पण घुमतो, फाटतो किंवा अगदी बारीक होतो.

स्वतःचाच आवाज खोडणारा फोन

एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे. आजच्या फोनला निदान दोन माइक असतात: एक खाली तोंडाजवळ, दुसरा वरच्या कडेला किंवा मागे कॅमेऱ्याशेजारी. कानाला लावून बोलताना खालच्या माइकमध्ये आपला आवाज मोठा आणि रस्त्यावरचा गोंगाट मध्यम असा पोचतो. वरच्या माइकमध्ये गोंगाट तेवढाच, पण आपला आवाज क्षीण. डीएसपी दोन्हींची तुलना करून गोंगाट ओळखतो आणि वजा करतो. क्वालकॉमच्या या तंत्राचं नाव फ्लुएन्स.

आता समजा रॉममध्ये दोन माइकांचे क्रमांक उलटे लिहिले गेले. डीएसपी वरच्या माइकला तोंडाजवळचा समजतो. खालून येणारा आपला ठसठशीत आवाज त्याच्या हिशेबात गोंगाट ठरतो आणि तो इमानेइतबारे पुसून टाकतो. पलीकडच्याला आपलं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं, तुटक-तुटक ऐकू येतं. आपण जितक्या मोठ्याने बोलावं, तितकं ते अधिक खोडलं जातं. रेकॉर्डरमध्ये मात्र सगळं स्वच्छ ऐकू येतं, कारण साध्या रेकॉर्डिंगचा मार्ग वेगळा असतो.

याची परीक्षा घरच्या दुसऱ्या माणसाच्या मदतीने होते. त्याला फोन लावून दुसऱ्या खोलीत पाठवा. आपला फोन कानापासून दूर धरून आधी खालच्या छिद्राजवळ बोला, मग फोन उलटा करून वरच्या छिद्राजवळ. वरून बोललेलं स्वच्छ ऐकू आलं, तर माइकांची अदलाबदल झाली आहे. मग वरच्या छिद्रावर बोट ठेवून नेहमीसारखं बोला. त्याने आवाजात लक्षणीय फरक पडला, तर गोंगाट पुसणाऱ्या यंत्रणेवरचा संशय पक्का होतो. रॉममध्ये फ्लुएन्स कॉलसाठी चालू-बंद करणारी एक सेटिंग बहुधा प्रणालीच्या गुणधर्मांत असते. ती बंद केल्यावर एकच माइक वापरला जातो. रस्त्यावरचा गोंगाट थोडा जास्त जाईल, पण बोलणं पोचेल. रूट न केलेल्या, म्हणजे प्रणालीचे पूर्ण अधिकार न मिळवलेल्या फोनवर हा बदल स्वतः करता येत नाही. तिथे निदान करून ते रॉमच्या देखभालकर्त्याला कळवणं हाच मार्ग.

व्होल्टीचं त्रांगडं

आपल्याकडे कॉलच्या तक्रारींत आणखी एक गुंता येतो. पाच सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली ती केवळ ४जीवर. जिओकडे २जी किंवा ३जीचं जाळं कधी नव्हतंच. ४जीवर जुन्या पद्धतीचे कॉल होत नाहीत. आवाजही डेटाच्या पाकिटांतून पाठवावा लागतो. त्या पद्धतीला व्होल्टी म्हणतात. ती चालण्यासाठी फोनमध्ये आयएमएस नावाची यंत्रणा लागते आणि तिचे बरेच भाग कंपन्यांच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये असतात. म्हणून व्होल्टी न चालणाऱ्या रॉमवर जिओच्या सिमने इंटरनेट धावतं आणि साधा कॉल लागतच नाही.

एअरटेलने व्होल्टीची सुरुवात सप्टेंबर २०१७ मध्ये मुंबईतून केली. एअरटेल आणि व्हीआयकडे २जीचं जाळं अजून असल्याने व्होल्टी नसलेला फोन कॉलपुरता २जीवर उतरतो. कॉल लावताच वरच्या पट्टीतली ४जीची खूण जाऊन 'ई' किंवा '२जी' आली, चालू कॉलमध्ये इंटरनेट थांबलं, कॉल लागायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, म्हणजे तो व्होल्टीवर नाही.

तपासणीसाठी हा फरक फार उपयोगी पडतो. एअरटेल किंवा व्हीआयचं सिम घालून सेटिंगमध्ये नेटवर्क २जीवर ठेवा आणि कॉल करा. मग ४जीवर आणून पुन्हा करा. २जीवर आवाज येतो आणि ४जीवर कॉल लागूनही शांतता, तर माइक-स्पीकर निर्दोष आहेत. व्होल्टीसाठीचा आवाज-मार्ग सुरू होत नाहीये. आवाजाचा पोतही काही सांगून जातो. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो, त्यामुळे 'स' आणि 'फ' यांत फरक नीट कळत नाही. व्होल्टीवर वापरली जाणारी एएमआर वाइडबँड ही सांकेतिक पद्धत ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज नेते आणि माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा वाटतो. व्होल्टीवर असूनही आवाज डब्यातला येत असेल, तर दोन्ही बाजूंचं नेटवर्क आणि फोन वाइडबँड देतात का, हे आधी बघावं.

बऱ्याच अँड्रॉइड फोनांत डायलरवर *#*#४६३६#*#* दाबलं की फोनच्या माहितीचं पान उघडतं. तिथे आयएमएसची नोंदणी झाली आहे की नाही, हे दिसतं. नोंदणीच नसेल, तर आवाजाच्या फाइली चाळण्यात अर्थ नाही. आधी सिम, मोडेमचं फर्मवेअर आणि व्होल्टीची सेटिंग यांकडे वळावं.

ब्लूटूथवर गाणी आहेत, कॉल नाही

ब्लूटूथचीही हीच कथा. गाण्यांसाठी एटूडीपी आणि कॉलसाठी एचएफपी अशा दोन वेगळ्या पद्धती आहेत. कित्येक फोनांत कॉलचा आवाज ब्लूटूथ चिपपासून डीएसपीपर्यंत थेट तारेने जातो, त्यामुळे गाणी उत्तम वाजणाऱ्या हेडसेटवर कॉल मुका राहू शकतो. हेडसेटच्या जोडणीच्या सेटिंगमध्ये 'फोन कॉल' हा पर्याय चालू आहे का, ते प्रथम बघा. चालू असूनही आवाज नसेल, तर जोडणी पुसून नव्याने करा आणि दुसऱ्या, शक्यतो साध्या हेडसेटवर पडताळा. आवाज खरखरत किंवा भलत्याच वेगाने येत असेल, तर दोन टोकं वेगवेगळ्या नमुना-दराने बोलत असण्याची शक्यता मोठी: जुनी पद्धत ८ किलोहर्ट्झची, नवी १६ किलोहर्ट्झची.

लिनक्सवर चालणारे फोन

पाइनफोनसारख्या, अँड्रॉइड बाजूला ठेवून थेट लिनक्स चालवणाऱ्या फोनांत ही सगळी यंत्रणा उघडी दिसते, म्हणून शिकण्यासाठी ते फार चांगले. पाइन६४ने २०२० च्या सुरुवातीला आणलेल्या या फोनात क्वेक्टेलचा मोडेम आहे आणि त्याची आवाजाची तार मुख्य चिपमधल्या ध्वनिविभागाला जोडलेली आहे. कॉल आला की 'कॉलऑडिओडी' हा पार्श्वभूमीवर चालणारा कार्यक्रम ध्वनिविभागाला गाण्याच्या मांडणीतून कॉलच्या मांडणीत नेतो. ही उडी चुकली की कॉल लागतो आणि आवाज येत नाही. टर्मिनलवर 'अल्सामिक्सर' उघडून कोणता प्रवाह बंद आहे, हे डोळ्यांनी पाहता येतं.

पाइनफोनच्या पाठीमागच्या झाकणाखाली सहा बारीक स्विच आहेत. त्यांतला एक माइक पूर्णपणे तोडतो. आणखी एक इअरफोनच्या खाचेचं रूपांतर संगणकाला जोडण्याच्या सिरियल पोर्टमध्ये करतो. तो चुकून सरकला, तर इअरफोनमध्ये आवाज कधीच येणार नाही. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी झाकण उघडून हे दोन स्विच बघितलेच पाहिजेत.

क्वालकॉमच्या काही फोनांवर पोस्टमार्केटओएस चालवताना 'क्यू६व्हॉइसडी' नावाचा छोटा कार्यक्रम लागतो. कॉल सुरू झाला की तो ध्वनीचं साधन फक्त उघडतो आणि कॉल संपेपर्यंत उघडं ठेवतो. त्यातून आवाजाचा एकही कण वाहत नाही; ते उघडलेलं पाहून डीएसपी आपला मार्ग चालू करतो. आवाज मुख्य प्रोसेसरकडे येतच नाही, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणार नाही.

दुरुस्तीचा क्रम

एका वेळी एकच बदल करायचा, हा नियम इथे सोन्यासारखा जपावा. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज आला, तर कशाने आला हे कळत नाही आणि पुढच्या अपडेटला तो पुन्हा गेला की हाती काहीच नसतं.

सुरुवात रीस्टार्टपासून. त्यानंतर आवाज 'सुधारणारी' मॉड्यूल्स काढा. फोन रूट करणाऱ्या मॅजिस्क या साधनातून बसवलेली इक्वलायझर, डॉल्बी वगैरेची मॉड्यूल्स ध्वनीच्या मूळ फाइलीच बदलतात आणि कॉल बिघडवू शकतात. मग डायलर मूळचाच आहे ना, माइकची परवानगी दिलेली आहे ना, हे बघा. नव्या अँड्रॉइडमध्ये माइक सगळ्यांसाठी बंद करणारं बटण वरच्या पट्टीत असतं, तेही तपासा.

नंतर फर्मवेअर. रॉमच्या सूचनांत मूळ सॉफ्टवेअरची अमुक आवृत्ती आधी असली पाहिजे, असं लिहिलेलं असतं आणि घाईत हीच ओळ सुटते. मोडेम आणि डीएसपीचं फर्मवेअर रॉमबरोबर येईलच असं नाही. जुन्या फर्मवेअरवर नवा रॉम बसला की पहिला फटका कॉलला बसतो. सांगितलेली आवृत्ती चढवून रॉम स्वच्छ बसवला, तर पुष्कळ तक्रारी मिटतात. एकच प्रतिमा अनेक मॉडेलांवर चालवणारा जीएसआय वापरत असाल, तर त्याऐवजी खास आपल्या मॉडेलसाठी बनवलेला रॉम मिळतो का, ते शोधावं. लिनिएजओएसच्या अधिकृत आवृत्त्यांसाठी कॉलमधला आवाज आणि आपत्कालीन कॉल चालणं ही अटच आहे. अनधिकृत आवृत्त्यांना ती लागू नसते.

या सगळ्या खटपटीत एक धोका पक्का ध्यानात ठेवावा. आयएमईआय आणि मोडेमची खासगी मोजमापं ईएफएस, पर्सिस्ट अशा नावांच्या विभाजनांत असतात. ती पुसली गेली तर नेटवर्क आणि व्होल्टी दोन्ही जाऊ शकतात आणि दुसऱ्याच्या फोनमधली प्रत आपल्याला चालत नाही. बूटलोडर उघडला आणि सोय झाली की सर्वांत आधी त्यांचा बॅकअप घेऊन संगणकावर ठेवावा.

कळवलं तरच सुधारतं

एवढं करूनही आवाज आला नाही, तर नोंद करून कळवावं. फोनचं नेमकं मॉडेल, रॉमची तारीख, फर्मवेअरची आवृत्ती, सिम कोणाचं आणि कोणत्या खाचेत, कॉल २जीवर की व्होल्टीवर, वरच्या पाच तपासण्यांचे निकाल, आणि कॉल लावताना संगणकावरून एडीबी या साधनाने घेतलेला लॉग. त्यात मुख्य लॉगबरोबर रेडिओचा लॉगही हवा. लॉगमध्ये फोन नंबर आणि आयएमईआय असू शकतात, ते पाठवण्याआधी खोडून टाकावेत. "कॉल चालत नाही, लवकर दुरुस्त करा" या ओळीने देखभाल करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. "पहिल्या खाचेत २जीवर आवाज येतो, व्होल्टीवर येत नाही, स्पीकरवरही नाही" या ओळीने त्याला कोणती फाइल उघडायची ते कळतं. ही माणसं बहुधा फावल्या वेळात, विनामोबदला काम करतात. त्यांच्याकडे आपल्या शहरातलं सिम नसतं, आपल्या कंपनीचं नेटवर्क नसतं. ती पाहणी फक्त आपणच करू शकतो.

दुरुस्ती झाल्यावरही, हा फोन आईवडिलांच्या हाती देण्याआधी किंवा एकमेव फोन म्हणून खिशात ठेवण्याआधी, दोन्ही सिमांवरून येणारे-जाणारे कॉल कानाला, स्पीकरवर आणि इअरफोनवर करून बघावेत. अडचणीच्या वेळी ११२ लावायची पाळी आली, तर आपलं बोलणं पलीकडे पोचलंच पाहिजे. फोनचं पहिलं काम तेच आहे. पर्यायी सॉफ्टवेअरने जुन्या फोनला दिलेली वर्षं त्या कामाला पुरी पडतात की नाही, हे शेवटी वापरणाऱ्याच्या काटेकोर तपासणीवर ठरतं, आणि एकाने नीट केलेली तपासणी त्या मॉडेलच्या प्रत्येक मालकाच्या उपयोगी पडते.